शाईच्या डागातली कुर्ली

बाईंना विचार करायचा असला की त्या बूट काढत. बूट म्हणजे खरोखरीचे बूट. पांढऱ्या कॅनव्हासचे, नाडीचे, टेनिस खेळणारे पुरुष घालतात तसले. वर कडक इस्तरीची साडी, खांद्यावर मोत्यांची पिन, आणि खाली हे. "साडीखाली कोण बघतंय?" असं त्या म्हणायच्या, आणि सगळं परळ बघत असायचं. विचार संपला की अनवाणीच पुढे चालू लागायच्या. मग कधी जिन्यात, कधी क्ष-किरणाच्या खोलीबाहेर, एकदा तर थेट मोठ्या साहेबांच्या टेबलाखाली बुटांचा जोड सापडे. वॉर्डबॉय तो दोन बोटांत धरून आमच्या खोलीत आणून ठेवी आणि गंभीरपणे म्हणे, "बाईंचा विचार झाला वाटतं."

आमची खोली म्हणजे परळच्या त्या इस्पितळाचा मनोविकार विभाग. विभाग म्हणजे बाई आणि मी. जागा जिन्याखाली, त्यामुळे उंच रोगी आत येताना आपोआप नमस्कार करूनच येई. मी नुकतीच मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाले होते. दादरला आमच्या घरी या नोकरीनं सुतक आल्यासारखं झालं होतं. "वेड्यांच्यात बसणार? उद्या तुला बघायला कोण येईल?" असं वडील म्हणाले. आईनं त्यावर तोड काढली. तिनं सगळ्या बिऱ्हाडांत सांगून ठेवलं की मुलगी हाडांच्या विभागात आहे. हाडांना अब्रू असते.

बाई गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या. आजोबा कुठल्याशा गोऱ्या कंपनीत हेडक्लार्क, दोन चाळी मालकीच्या, घरात पियानो. बाई विलायतेत शिकून आल्या, लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "अगं, राहूनच गेलं," जणू दुधाचा रतीब सांगायचा राहिला. त्यांना स्वतःला गाव नव्हतं. "आम्ही कायमचे गिरगावकर. सुट्टीत जायचं म्हणजे माहीमला मावशीकडे," असं त्या थोड्या खिन्नपणे सांगायच्या. त्यामुळे ज्याला गाव आहे असा कुणीही माणूस भेटला की त्यांचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे. नदी आहे का, होडी आहे का, देवळापुढे झाड कसलं, भूत आहे का, असलं तर नाव काय. रोगी डोकेदुखीसाठी आलेला असे आणि तासाभरानं गावच्या भुताची सगळी हकीकत सांगून, डोकं कधी थांबलं ते न कळता, हसत बाहेर पडे.

विलायतेहून येताना बाईंनी एक चामडी पेटी आणली होती. तिच्यात जाड पुठ्ठ्याची कार्डं होती आणि प्रत्येक कार्डावर शाईचा एक मोठा डाग. कागदावर शाई सांडून तो मधोमध दुमडला की दोन्ही अंगांना सारखं उमटतं, तसा. रोग्याला कार्ड दाखवायचं, "यात काय दिसतं?" म्हणून विचारायचं, आणि तो जे सांगेल त्यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. कसं ओळखायचं ते एका जाड इंग्रजी पुस्तकात दिलेलं होतं.

आमच्याकडे आलेला पहिला गिरणीवाला डिलाईल रोडचा होता. झोप येत नाही अशी तक्रार. बाईंनी कार्ड पुढे केलं.

"कुर्ली," तो म्हणाला.

"काय?"

"कुर्ली, बाय. खेकडो. ह्ये डेंगे बघा."

दुसरं कार्ड. "ही पण कुर्ली. मादी आसा."

तिसऱ्या कार्डावर थोडी लाल शाई होती. ते त्यानं जरा लांब धरून, एक डोळा मिटून पाहिलं. "ही उकडलेली."

त्याच्या मागून आलेल्यानं कुर्ल्या पाहिल्या. त्याच्या मागच्यानंही. एका म्हाताऱ्यानं सगळी कार्डं बघून बाईंनाच विचारलं, "बाय, तुमचो ह्यो कुर्ल्यांचो धंदो आसा काय?" पुस्तकात पाहावं तर, ज्याला सगळीकडे नांग्या आणि डेंगे दिसतात तो मनानं फार बिघडलेला, त्याला मोकळं सोडणं धोक्याचं, असा मजकूर. बाईंनी पुस्तक मिटलं. चेहरा पांढराफटक. "अगं, सगळा डिलाईल रोड एकाच वेळी?" असं म्हणून त्यांनी बूट काढले आणि अनवाणीच फाटकाबाहेर पडल्या. मी बूट घेऊन मागे धावले.

डिलाईल रोडला आम्ही एका वैनीच्या खाणावळीत जाऊन बसलो. वैनी म्हणजे उंच, काळी, हातात कायम पळी असलेली बाई. आजूबाजूच्या चाळींतले एकटे गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे आणि तिला गिरणीच्या मॅनेजरपेक्षा जास्त भ्यायचे. तिनं आम्हाला काही न विचारता ताटं वाढली. बाईंनी ताटात पाहिलं आणि किंचाळल्या.

ताटात रश्श्यात बुडालेली अख्खी कुर्ली होती. पाठ वर, डेंगे दोन्हीकडे पसरलेले, डावं-उजवं अगदी सारखं.

"अगं, पहिलं कार्ड!" बाई उभ्या राहून ओरडल्या. सगळी खाणावळ घास हातात धरून बघायला लागली. "हेच ते! हुबेहूब हेच! अगं, यांना दुसरं काय दिसणार? ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानं जन्मात कुर्ली खाल्लेली नाही, आणि मी त्याच्या भरवशावर या चांगल्या माणसांना वेडं ठरवायला निघाले होते!" मग त्यांना हसू फुटलं. बाईंचं हसणं म्हणजे झाकण उडालेल्या चहाच्या किटलीसारखं, थांबायचं नावच नाही. हसता हसता त्यांनी कुर्ली खाल्ली, डेंगा दातानं फोडायला गेल्या, रस्सा पिनेवर उडाला. वैनीनं डेंगा त्यांच्या हातातून ओढून घेतला, पळीनं फोडून दिला आणि पुरुषांना वाढायच्या सवयीनं म्हणाली, "गिळ मेल्या."

बाई कृतज्ञतेनं म्हणाल्या, "थँक यू."

त्या दिवसापासून बाईंचं एकच पालुपद झालं. "माणूस जिथून आलाय तिथलं तो बघणार. आधी तिथलं आपल्याला दिसलं पाहिजे, औषध मग." हे त्या मला सांगत, वॉर्डबॉयला सांगत, चर्नी रोडला पुलावर भेटलेल्या अनोळखी गृहस्थांना सांगत. आणि मोठ्या साहेबांना तर रोज. मोठे साहेब म्हणजे इस्पितळाचे मुख्य. नागपूरकडचे, धिप्पाड, स्वच्छ, शिस्तीचे. माणूस वाईट नव्हता, पण मन नावाच्या अवयवावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण तो त्यांनी कधी कापून पाहिला नव्हता. बाईंनी आठवड्यातून एक दिवस डिलाईल रोडला बसायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "बाई, रोगी इस्पितळात येतो. इस्पितळ रोग्याकडे जात नाही. उद्या सर्जन म्हणेल, मी ऑपरेशनचं टेबल घेऊन लालबागला जातो."

"टेबल नाही नेणार मी," बाई म्हणाल्या. "फक्त कान नेणार."

साहेबांनी नाही म्हटलं. बाई जातच राहिल्या.

भाषा यायला पाहिजे म्हणून त्यांनी मालवणी शिकायला घेतली, आणि शिकल्या कुणाकडून, तर वैनीकडून. वैनी मायेनं वाढायची, पण तोंडानं शिव्यांशिवाय दुसरं काही यायचं नाही. त्यामुळे बाईंची मालवणी फार चमत्कारिक झाली. "गिळ मेल्या" म्हणजे "कृपया घ्या", "जळला तुझा तोंड" म्हणजे "शांत व्हा", असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. बरं, हे सगळं त्या गिरगावच्या पियानोवाल्या आवाजात, इतकं हळुवार म्हणत की ऐकणाऱ्याला रागवावं की पाया पडावं ते सुचत नसे.

हे दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणगावात रोज मोर्चे, भिंतीभिंतींवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा, गल्लीगल्लीत सभा. गोळीबार झाले, माणसं गेली, आमच्या इस्पितळातही आली, आणि त्या दिवसांत बाई कुणाला कार्डं दाखवत नसत. नुसत्या बाकड्यावर नातेवाइकांच्या शेजारी बसून राहत. पण पुढे वातावरण जरा निवळल्यावर पेटी पुन्हा उघडली, तर काय चमत्कार! कुर्ल्या नाहीशा झालेल्या.

"ह्यो महाराष्ट्र," पहिला रोगी म्हणाला. "हयसर नागपूर. ही हयसर मुंबय."

दुसऱ्यालाही महाराष्ट्रच. तिसऱ्यानं एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि संतापून टेबलावर आपटलं. "ह्येच्यात मुंबय नाय! आमका ह्यो नको!" बाई लगेच म्हणाल्या, "अरे हो, राहिलंच की," आणि टाक उचलून त्यांनी विलायतेच्या त्या कार्डावर डाव्या कडेला एक ठसठशीत ठिपका दिला. तो माणूस खूश होऊन कार्डाकडे बघत राहिला. त्या रात्री त्याला झोप लागली असं तो पुढच्या खेपेला सांगत होता. बाई म्हणाल्या, "बघ. हे पुस्तकात नाही."

एका दुपारी आम्ही पेटी घेऊन डिलाईल रोडला निघालो आणि वाटेत कळलं की संचारबंदी लागली आहे. रस्ता ओस. कोपऱ्यावर पोलीस. एक तरुण फौजदार दंडुका हलवत पुढे आला.

"बाई, कुठं निघालात? संचारबंदी आहे, दिसत नाही?"

"तुम्हाला काय दिसतं ते सांगा आधी," बाई म्हणाल्या आणि पेटीतून कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं.

मी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, तुरुंग आला, आईला आता हाडांचं काय सांगायचं, असं सगळं डोक्यातून गेलं. फौजदारानं कार्डाकडे पाहिलं. मग मागे शिपायांकडे पाहिलं. मग वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, "मुंबईसह आहे ना?"

बाईंनी बोटानं ठिपका दाखवला.

फौजदार ताठ झाला. "चला, चला! पुढं व्हा!" तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. "इस्पितळाचं काम आहे! जाऊ द्या यांना!"

आणि याच संचारबंदीनं आमच्याकडे बाबल आला.

बाबल हा गिरणीत मागावर काम करणारा कोकणचा माणूस. दणकट, चाळिशीचा. त्याला मुकादमानं आणून सोडलं. माग थांबवून नुसता उभा राहतो, बोलत नाही, जेवत नाही, ओठ तेवढे हलत असतात, असं सांगून मुकादम गेला. बाबलला सामान्य वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. तो तिथे भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. मोठ्या साहेबांनी फेरीत त्याला पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारी ठाण्याला पाठवा."

मुंबईत तेव्हा ठाण्याला पाठवणं याचा एकच अर्थ होता, वेड्यांचं इस्पितळ. तिथे गेलेला बरा होऊन आला तरी गावात ते कळायचंच, आणि मग त्याच्या मुलींना स्थळ येत नसे, मुलाला गिरणीत कुणी चिकटवत नसे. बाईंनी साहेबांशी भांडून पाहिलं. साहेब म्हणाले, "तो बोलला तर सांगा."

बाई दुधाचा पेला घेऊन बाबलच्या खाटेशी गेल्या. त्याला गोंजारलं, गावचं विचारलं, काही नाही. ओठ हलत होते, नजर भिंतीवर. शेवटी बाईंनी आपल्याजवळचा सगळ्यांत प्रेमळ शब्द काढला. पेला पुढे केला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "गिळ मेल्या, गिळ."

शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. बाबलचे ओठ थांबले. त्यानं मान वळवून बाईंकडे पाहिलं, बुटांपासून मोत्यांच्या पिनेपर्यंत नीट पाहिलं आणि त्याच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता.

"बाय," घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "ह्या तुमका कोणी शिकवला?"

"वैनीनं."

"तरीच," बाबल म्हणाला, आणि दूध प्यायला.

पण तेवढंच. पेला ठेवला आणि ओठ पुन्हा हलायला लागले. बाई खाली वाकून त्याच्या तोंडाला कान लावून बसल्या. बराच वेळानं उठल्या. "एकच शब्द कळतो. म्हाराजा. पुन्हा पुन्हा म्हाराजा." बूट तिथेच सोडून त्या निघाल्या, मी मागे.

बाबलच्या गावच्या पुरुषांनी मिळून डिलाईल रोडला एक मोठी खोली घेतली होती. तिला गाळा म्हणत. एकेकाची एकेक ट्रंक, भिंतीला वळकट्या, दिवसपाळीचे निजायला आले की रातपाळीचे उठणार. कोपऱ्यात गावच्या देवाचा म्हणून एक नारळ मांडलेला. गाळ्याचे वडीलधारे होते तात्या. त्यांना आम्ही "म्हाराजा"चं विचारलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"गाऱ्हाणा म्हणता हा तो, बाय. गाऱ्हाणा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गावच्या जत्रेत देवळासमोर उभं राहून एकानं गावाच्या वतीनं देवापुढे सगळ्यांची सुखदुःखं मांडायची आणि मागे सगळ्या गावानं "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. हे गाऱ्हाणं घालायचा मान बाबलच्या घराण्याचा. बाप गेला, यंदा पहिल्यांदा मान बाबलकडे आला. रजा मिळाली होती, नवीन सदरा शिवला होता. बोटीच्या दिवशी संचारबंदी लागली. तो कसाबसा भाऊच्या धक्क्याला पोचला तर बोट गेलेली. जत्रा झाली. गाऱ्हाणं भलत्यानंच घातलं. पुढे घराचा वासा मोडला, म्हैस मेली, धाकट्या पोरीला ताप आला. प्रत्येक खबर आली की बाबल म्हणे, माझ्यामुळे.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला देवाचं काही कळत नाही, तात्या. पण या माणसाचं काम राहून गेलंय, एवढं कळतं. ते इथे करता येईल?"

"हय? देऊळ खय आसा हय?"

"देवाला मुंबईतलं ऐकू येतं की नाही?"

तात्या विचारात पडले. "ऐकाक येता. पण तोंड गावाकडे करूक होया."

"मग गाव कुठे?"

झालं! गाळ्यातल्या प्रत्येकानं हात वर केला आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. एक चिंचपोकळी स्टेशनाकडे दाखवतो, एक वरळीच्या समुद्राकडे, एक थेट छताकडे. वाद पेटला. कुणी सूर्य काढला, कुणी वारा काढला, झोपलेले उठून बसले आणि त्यांनी आणखी दोन दिशा सांगितल्या. बाई मधोमध उभ्या राहून गिरक्या घेत सगळीकडे बघत होत्या, आनंदानं नुसत्या फुलल्या होत्या. शेवटी तात्यांनी हात उंचावला. "धक्क्याकडे तोंड करूया. जी वाट गावाक जाता, थयच गाव." ते सगळ्यांना पटलं.

रविवारी सकाळी बाईंनी बाबलला "फिरायला नेते" असं वॉर्डात सांगून बाहेर काढलं. गाळ्यात शिरायला जागा नव्हती. वैनीसुद्धा पळी खाली ठेवून आली होती. बाबलला त्याचा तो नवीन सदरा घातला. तात्यांनी नारळ त्याच्या हातात दिला, सगळ्यांच्या मुठीत थोडे तांदूळ दिले. बाबल धक्क्याच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज नाही. सगळे थांबले. एवढ्यात दारात गलका झाला. मोठे साहेब! रोगी पळवला ही खबर त्यांना लागली होती आणि ते स्वतः गाडी घेऊन आले होते. ते तोंड उघडणार तोच तात्यांनी त्यांच्या मुठीत तांदूळ कोंबले, तोंडावर बोट ठेवलं आणि दंड धरून त्यांना गर्दीत ओढून घेतलं. साहेब चुकून टोपी काढून उभे राहिले.

आणि बाबलचा आवाज फुटला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चाळीचे कठडे थरथरले असतील.

"हे बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा ह्या परमुलखात, गिरणीच्या धुरात तुका हाक मारतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाळा गर्जला.

"बोट गेली नि मी धक्क्यार रवलय. माझो मान माझ्या हातसून चुकलो. चुकला-माकला असात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वासो मोडलो, म्हस गेली, त्येचो दोष माझ्या पोरांर येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबलच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तात्यांच्याही, आणि बाई दोन्ही हातांनी साडीचा पदर पिळत होत्या. तेवढ्यात बाबलनं डोळे पुसले आणि सूर आणखी चढवला.

"आनी ही आमची बाय, येडी आसा पन मायाळू आसा. हिच्या मागे जो कोण सायब लागलो आसात, तेका बरी बुद्धी दी आनी तेचा मन ह्या डिलाय रोडार वळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्या गर्जनेत सगळ्यांत मोठा, जाडजूड आवाज नागपूरचा होता. मूठ वर करून, डोळे मिटून, साहेबांनी रुकार दिला होता.

मी वैनीच्या पाठीमागे तोंड लपवलं. वैनीची पाठ गदगदत होती.

परतताना साहेबांनी मला आपल्या गाडीत घेतलं. वाटेत विचारलं, "शेवटी काय मागितलं त्यानं? मला बोली नीट कळली नाही."

"चांगली बुद्धी मागितली, साहेब."

"कुणासाठी?"

"ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी."

"छान," साहेब म्हणाले. "फार छान."

बाईंना काही पोटात ठेवता येत नसे. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कागदावर सही करायच्या वेळेला त्यांनी साहेबांना सगळं शब्दशः सांगून टाकलं. मी दाराशी देवाचं नाव घेत उभी. मग साहेबांचा आवाज आला, "म्हणजे मी स्वतःच हो म्हटलं?"

"सगळ्यांत मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

आणि मग आतून दोन हसणी ऐकू आली. एक किटलीचं, आणि एक मी त्या इस्पितळात आधी कधीच न ऐकलेलं, भुईतून आल्यासारखं. साहेब बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते. "बोलला ना तो? मग ठाण्याचं काय काम?" इतकंच म्हणाले. बाईंना डिलाईल रोडला बसायला गुरुवार मिळाला.

बाबल एका सकाळीत बरा झाला असं नाही. महिनोन्‌महिने तो गुरुवारी यायचा, ट्रंकेवर बसून बाईंशी बोलायचा, कधी रडायचा, कधी मागे पडायचा. धाकटी पोर बरी झाल्याची खबर आली तेव्हा त्याला पहिल्यांदा पोटभर भूक लागली. पुढच्या जत्रेला बाईंनी गिरणीत स्वतः जाऊन त्याची रजा मंजूर करून घेतली आणि खबरदारी म्हणून त्याला आदल्या दिवशीच धक्क्यावर नेऊन बसवायचा हट्ट धरला. तात्यांनी कशीबशी समजूत घातली. तो गेला, मान घेतला, परत आला आणि मागावर उभा राहिला. गाळ्यात आमचे गुरुवार इतके भरायला लागले की रातपाळीच्या लोकांना झोपायला चाळीच्या गच्चीवर जावं लागे. त्यांनी त्याबद्दल बाईंकडे तक्रार केली, आणि तक्रार करता करता आपलीही दुखणी सांगितली.

मग तो दिवस आला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागपासून गिरगावापर्यंत माणसं रस्त्यावर, ढोल, गुलाल, अनोळखी लोक एकमेकांना पेढे भरवत होते. आई मला म्हणाली, "आता सांगितलं तरी चालेल तू कुठं काम करतेस ते. आज सगळेच वेडे झालेत." मी गुलालानं लाल होऊन डिलाईल रोडला पोचले. वाटलं, बाई गाळ्यात नाचत असतील.

बाई गाळ्यात नव्हत्या. त्या रस्त्याच्या कडेला, केसांत गुलाल, बूट काढून, स्वतःशी पुटपुटत उभ्या होत्या. मला बघताच हात धरला. "बरं झालं आलीस. ऐक, बरोबर आहे का सांग. मीदि ए ऊरु?"

"हे काय?"

"तेलुगू. तुमचं गाव कोणतं. गिरणीतल्या एकाकडून सकाळी शिकले." आणि मला ओढत त्या मागच्या अंगाच्या चाळीकडे निघाल्या. तिथे तेलंगणातून आलेल्या विणकरांची बिऱ्हाडं होती. ढोल रस्त्यावर वाजत होते, या चाळीत मात्र बायका दारं अर्धी लोटून बसल्या होत्या. "आपल्याला आज आपलं राज्य मिळालं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "या लोकांचं गाव मात्र दुसऱ्याच राज्यात राहिलं. काल ते मुंबईत होते, आज महाराष्ट्रात आहेत. त्यांना काय वाटत असेल? कुणी विचारलंय का?"

पहिल्याच दारात एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली होती. अंगावर गुलाल लावलेल्या दोघी बायका समोर उभ्या राहिलेल्या पाहून ती दचकली. बाई वाकल्या आणि सकाळपासून घोकलेलं वाक्य, शक्य तितकं चुकीचं, म्हणाल्या, "मीदि ए ऊरु?"

म्हातारीनं एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग बोलायला लागली. आधी एकेक शब्द, मग भरभर, मग हात हलवत. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायला थांबेना. मध्येच हसली, मध्येच कुणाला तरी शिव्या दिल्या असाव्यात, आकाशाकडे बोट केलं, पोटाशी मूठ धरली. बाई तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या आणि भलत्याच ठिकाणी मान डोलावत सगळं ऐकत राहिल्या. ऊन उतरलं. रस्त्यावरचे ढोल लांब गेले. शेवटी म्हातारीला कुणीतरी आतून हाक मारली, तेव्हा ती उठली, बाईंच्या गालावरून हात फिरवून आत गेली.

आम्ही चालायला लागलो.

"बाई, काय म्हणाली ती?"

"एक अक्षर कळलं नाही," बाई अत्यंत आनंदानं म्हणाल्या. "पण उद्या परत यायला हवं गं. तिचं अर्धंच सांगून झालंय."